टू-स्ट्रोकवरून फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस गाडीवर जाताय? पैसे मोजण्याआधी हे वाचा

सुगी उरकली, रानं मोकळी झाली, की गावाबाहेरच्या माळावर संध्याकाळी गाड्यांचा आवाज सुरू होतो. कुणाची आजोबांच्या काळातली आरएक्स १००, कुणी शहरातून जुनी आणलेली ८५ सीसीची मोटोक्रॉस गाडी. मोबाईलवर शर्यतींचे व्हिडिओ बघत बघत पोरं मुरमाच्या ढिगावरून उडी घ्यायला शिकतात. त्यातला एखादा खरंच हातात कला असलेला निघतो. मग एक दिवस घरात विषय निघतो: "आता मोठी गाडी पाहिजे. फोर-स्ट्रोक."

वडील विचारतात, "फोर-स्ट्रोक म्हणजे आपल्या स्प्लेंडरसारखीच ना? मग तिला खर्च तो काय येणार?"

इथेच गफलत होते. आपल्याकडे फोर-स्ट्रोक म्हणजे कमी पेट्रोल पिणारी, कधीतरी ऑइल बदललं तरी वर्षानुवर्षं चालणारी गाडी, अशी समजूत पक्की बसली आहे. रस्त्यावरच्या गाडीपुरती ती बरोबरही आहे. पण मोटोक्रॉसची फोर-स्ट्रोक म्हणजे स्प्लेंडर नव्हे. इंजिनाचं तत्त्व एकच, पण एक बैलगाडीचा बैल आणि दुसरा शर्यतीचा, एवढा दोन्हींत फरक. टू-स्ट्रोक बिघडायला लागली की बहुतेक वेळा आरडाओरडा करून सांगते. फोर-स्ट्रोक बराच काळ गप्प राहते, आणि बोलते तेव्हा एकदम मोठं बिल हातात देते. शिवाय तिच्यावर बसल्यावर हाताच्या जुन्या सवयी चालत नाहीत, आणि त्यात हाडं मोडतात. पैसा आणि हाडं, दोन्ही वाचवायची असतील तर हा फरक आधी समजून घ्या.

दोन्ही इंजिनं तुमच्या घरातच आहेत

फार लांब जायला नको. पाठीवरचा पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप किंवा गवत कापायचं मशीन आठवा. त्यातल्या ज्यांच्या पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं, ती टू-स्ट्रोक. आणि ज्यांच्या इंजिनात वेगळं ऑइल ओतून काडीने पातळी बघावी लागते, ती फोर-स्ट्रोक.

टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली गेला की एक स्फोट होतो. म्हणजे क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ताकद मिळते. आत व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन असलं काही नसतं. सिलेंडरच्या भिंतीला भोकं असतात, ती पिस्टनच उघडतो आणि झाकतो. पेट्रोलबरोबर आलेलं ऑइल क्रँक आणि पिस्टनला वंगण देतं आणि तिथेच जळून धुरातून निघून जातं.

फोर-स्ट्रोकमध्ये आत घेणे, दाबणे, स्फोट आणि धूर बाहेर टाकणे ही चार कामं वेगवेगळी होतात. त्यामुळे क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकच स्फोट होतो. हवा आत घ्यायला आणि धूर सोडायला व्हॉल्व्ह लागतात. व्हॉल्व्ह उघडायला कॅम लागतो आणि कॅम फिरवायला टायमिंग चेन. हे सगळं ज्या ऑइलवर चालतं ते जळून जात नाही. तेच ते ऑइल पुन्हा पुन्हा फिरत राहतं.

एवढी दोन वाक्यं लक्षात ठेवा. टू-स्ट्रोकला प्रत्येक थेंबाबरोबर नवं ऑइल मिळतं. फोर-स्ट्रोक जुन्याच ऑइलवर जगते. पुढची निम्मी गोष्ट यातूनच निघते.

मग शर्यतवाले फोर-स्ट्रोककडे गेलेच कशाला?

१९९० च्या दशकापर्यंत मोटोक्रॉस म्हणजे टू-स्ट्रोकच. हलकी, तडफदार, गावच्या मिस्त्रीलाही उघडता येईल अशी. प्रत्येक फेऱ्याला स्फोट होत असल्यामुळे तेवढ्याच सीसीच्या फोर-स्ट्रोकला तिच्यापुढे टिकणं अवघड होतं. म्हणून अमेरिकेतल्या शर्यतींच्या नियमांनी फोर-स्ट्रोकला जास्त सीसीची मुभा दिली. यामाहाने त्याचा फायदा उठवला. १९९७ मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉस शर्यतीत डग हेन्री हा अमेरिकन रायडर यामाहाची नवी ४०० सीसीची फोर-स्ट्रोक घेऊन उतरला आणि टू-स्ट्रोकच्या गर्दीत पहिला आला. १९९८ मध्ये त्याने वायझेड४००एफ या गाडीवर अमेरिकेचं राष्ट्रीय मोटोक्रॉस विजेतेपदही मिळवलं. तिथून वारं फिरलं. काही वर्षांतच सगळ्या मोठ्या कंपन्यांनी २५० आणि ४५० सीसीच्या फोर-स्ट्रोक काढल्या.

तेव्हापासून ढोबळ हिशेब असा चालतो: १२५ टू-स्ट्रोकच्या जोडीला २५० फोर-स्ट्रोक, आणि २५० टू-स्ट्रोकच्या जोडीला ४५० फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोक संपलेल्या नाहीत. यामाहा आणि केटीएम आजही मोटोक्रॉसच्या टू-स्ट्रोक बनवतात. लहान मुलांच्या ६५ आणि ८५ सीसीच्या शर्यतीच्या गाड्या तर आजही मुख्यतः टू-स्ट्रोकच असतात. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची फेरी झाली. तिथेही ४५० आणि २५० सीसीच्या गटांबरोबर मुलांचा ८५ सीसीचा गट होता.

म्हणजे हा बदल जुना इतिहास नाही. आजही जो पोरगा ८५ वर शिकतो, त्याला मोठं झाल्यावर बहुतेक वेळा २५० फोर-स्ट्रोकवरच जावं लागतं. प्रश्न जायचं की नाही हा नसतो, कसं जायचं हा असतो.

पहिला धक्का: रेस सोडली की गाडी धरते

टू-स्ट्रोकची रेस सोडली की गाडी जवळपास मोकळीच पळत राहते. म्हणून टू-स्ट्रोकवाला वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावतो, मागचा तर जरा जास्तच. हीच सवय घेऊन तो फोर-स्ट्रोकवर बसतो. इथे रेस सोडल्याबरोबर इंजिनच मागच्या चाकाला ओढून धरतं. त्यावर मागचा ब्रेकही दाबला की चाक जाम होतं, मागचा भाग सटकतो किंवा खडबडीत उतारावर टणाटण उड्या मारायला लागतो. कित्येकदा इंजिनही बंद पडतं, आणि तेही बरोबर वळणात, मागून दुसरी गाडी येत असताना.

उपाय तीन. एक, मागच्या ब्रेकवरचा पाय हलका ठेवा, अर्धं काम इंजिन करतंय हे विसरू नका. दोन, वळणात एक बोट कायम क्लचवर असू द्या, इंजिन दचकायला लागलं की क्लच दाबा. तीन, गिअर खाली टाकताना भराभर दोन-तीन एकदम टाकू नका, एकेक टाका आणि क्लच सावकाश सोडा.

उतारावर मात्र हीच गोष्ट तुमच्या बाजूची आहे. घाटासारख्या लांब उतारावर टू-स्ट्रोकची रेस पूर्ण बंद ठेवून जोरात उतरणं इंजिनालाही वाईट असतं. पेट्रोल कमी आलं की त्याच्याबरोबर येणारं ऑइलही कमी येतं. फोर-स्ट्रोकला ही भीती नाही, तिचं ऑइल पंपाने फिरतच असतं.

दुसरा धक्का: उडी

हा भाग नीट वाचा, सगळ्यात वाईट पडणं इथेच होतं.

उडीच्या चढावर भीती वाटली की नवा माणूस रेस सोडतो. टू-स्ट्रोकवर हे चुकीचंच, पण कधीकधी निभावून जातं. फोर-स्ट्रोकवर चढाच्या टोकाला रेस सोडली की इंजिन मागचं चाक धरतं, सगळं वजन पुढे जातं, आणि गाडी हवेत नाक खाली घालून जाते. पुढचं चाक आधी जमिनीत रुततं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

म्हणून नियम असा: चढ सुरू होण्याआधी वेग ठरवा, आणि चढ संपेपर्यंत रेस एकसारखी धरून ठेवा. मन बदलायचंच असेल तर चढाच्या आधी बदला, टोकावर नाही. हवेत गेल्यावर पुढचं चाक फार वर उचललं असेल तर मागचा ब्रेक किंचित दाबल्याने ते खाली येतं. खाली झुकत असेल तर रेस दिल्याने वर येतं. फोर-स्ट्रोकच्या आत फिरणारे भाग जड असतात, त्यामुळे या दोन्हींचा परिणाम टू-स्ट्रोकपेक्षा जास्त जाणवतो. पण हे शिकलेल्या माणसाचं काम आहे. पहिल्या महिन्यात मोठी उडी घेऊच नका.

तिसरा धक्का: ताकद गोड लागते

टू-स्ट्रोक खालच्या वेगात सुस्त असते आणि ठरावीक ठिकाणी आली की एकदम झेप घेते. तिला जागी ठेवायला रायडर सतत क्लच मारत आणि गिअर बदलत राहतो. फोर-स्ट्रोक खालपासूनच सरळ ओढते. त्यामुळे बसणाऱ्याला वाटतं, गाडी संथ आहे. आवाज फार चढलेला नसतो, पण वेग आधीच जास्त झालेला असतो. वळण येतं तेव्हा कळतं.

इथे सवय बदलायची ती अशी: टू-स्ट्रोकवर ज्या वळणात दुसरा गिअर लावत होता, तिथे फोर-स्ट्रोकवर तिसरा लावून बघा. क्लच मारू नका, रेस हळूहळू उघडा. गाडी शांतपणे बाहेर काढते. उगाच क्लच मारत राहिलात तर प्लेटा जळतात आणि त्यांचा भुगा त्याच ऑइलमध्ये जातो ज्यावर बहुतेक गाड्यांचं अख्खं इंजिन चालतं. फुल रेसवर इंजिन किंचाळत ठेवणं हा टू-स्ट्रोकचा शौक आहे. इथे तो महागात पडतो.

वजनाचंही बघा. शर्यतीची २५० टू-स्ट्रोक भरलेल्या टाकीसह साधारण १०३ किलोच्या आसपास असते, तर ४५० फोर-स्ट्रोक ११० च्या जवळ. आकडा फक्त सहा-सात किलोंचा. पण चिखलात पाचव्यांदा गाडी उभी करताना तो पोत्याएवढा वाटतो. हवेतही ती लवकर कलत नाही. म्हणून टू-स्ट्रोकवर ढकलून काम होत होतं, तिथे इथे आधीच विचार करून गाडी लावावी लागते.

चौथी गोष्ट, म्हणजे खरी गोष्ट: ऑइल

आता स्प्लेंडरकडे परत येऊ. तिच्या शंभर सीसीच्या इंजिनाची सगळ्यात जास्त ताकद ८,००० आरपीएमला मिळते, आणि रोजच्या वापरात आपण त्याच्या जवळही जात नाही. बाजारला गेलो, दूध घालून आलो, विषय संपला. शर्यतीची ४५० फोर-स्ट्रोक ११,००० च्या वर फिरते. तेव्हा एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला नव्वदच्या वर वेळा उघडतो आणि बंद होतो. आणि हे सगळं ज्या ऑइलवर चालतं ते आहे साधारण लिटरभर. त्यात क्लचचा भुगा, गिअरची झीज, काजळी सगळं मिसळत राहतं.

म्हणून या गाडीचा हिशेब किलोमीटरवर नाही, तासांवर चालतो. शर्यतीच्या चालीने पळवणारे बरेच जण पाच-सहा तासांनी ऑइल बदलतात. दर रविवारी तीन तास सराव धरा. म्हणजे दर दुसऱ्या रविवारी ऑइल बदल. पावसाळ्याचे आणि कामाचे दिवस वगळून वर्षाचे चाळीस रविवार जरी धरले, तरी १२० तास होतात आणि वीस वेळा ऑइल बदलावं लागतं. वीस लिटर चांगलं ऑइल, शिवाय ऑइल फिल्टर. तुमच्या तालुक्याच्या दुकानात एका लिटरचा भाव विचारा आणि वीसने गुणा. गाडीची किंमत विचारण्याआधी हा गुणाकार करा.

ऑइल कोणतं? मॅन्युअलात लिहिलेल्या ग्रेडचं, आणि डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. कारचं निसरडं ऑइल टाकलं तर क्लच घसरायला लागतो. पातळी दर वेळी, गाडी बाहेर काढण्याआधी बघायची. टू-स्ट्रोकवाल्याला ही सवयच नसते. त्याने पेट्रोलमध्ये माप टाकलं की त्याचं काम झालेलं असतं. फोर-स्ट्रोक मरते ती बहुतेक याच विसराळूपणाने.

टू-स्ट्रोक गाड्याही बिनखर्चाच्या नाहीत. त्यांचा पिस्टन आणि रिंगा लवकर बदलाव्या लागतात, आणि गिअरबॉक्सचं ऑइल त्यांनाही असतं. पण पिस्टन वाजायला लागला, पिकअप पडलं, की मालकाला कळतं. सिलेंडर उघडून पिस्टन, रिंग, गॅस्केट बदललं की अर्ध्या दिवसात गाडी उभी राहते. फोर-स्ट्रोकचं वरचं काम निघालं तर पिस्टनबरोबर व्हॉल्व्ह, सीट, टायमिंग चेन, कधी अख्खं हेड मोजावं लागतं. चालत्या गाडीत व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडला तर इंजिनाचं आत काहीच सांगण्यासारखं उरत नाही. आणि हे काम कोपऱ्यावरच्या गॅरेजचं नाही, त्याला हत्यारं आणि अनुभव दोन्ही लागतात.

पाचवी गोष्ट: टॅपेट आणि धूळ

व्हॉल्व्ह आणि कॅम यांच्यात जी बारीक फट ठेवतात तिला आपल्याकडे टॅपेट म्हणतात. साध्या गाडीत टॅपेट ढिलं झालं की टकटक आवाज येतो आणि मिस्त्री पाना लावून सेट करतो. मोटोक्रॉसच्या गाडीत उलटं होतं. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजत जाते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट कमी होत जाते. आवाज वाढत नाही, उलट गाडी शांत वाटते. एक दिवस मात्र थंड गाडी पटकन सुरू होत नाही. किका मारून माणूस थकतो, किंवा बटण दाबून बॅटरी बसते.

हे चिन्ह ओळखा. काल सुरू होणारी फोर-स्ट्रोक आज थंडीत त्रास देत असेल, तर प्लग बदलत बसू नका, आधी टॅपेटची फट मोजून घ्या. ती बारीक चकत्या बदलून बसवतात. मॅन्युअलात दिलेल्या तासांना ती मोजायचीच, आणि मोजलेले आकडे वहीत लिहायचे. दोन वेळा चकती बदलूनही फट पुन्हा लगेच कमी होत असेल, तर व्हॉल्व्ह संपत आले आहेत, असं समजा.

व्हॉल्व्ह लवकर संपण्याचं आपल्या भागातलं मोठं कारण म्हणजे धूळ. उन्हाळ्यात मुरमाच्या ट्रॅकवर पुढच्या गाडीची सगळी धूळ मागच्याच्या फिल्टरवर येते. फोमचा फिल्टर दर सरावानंतर काढा, फिल्टर क्लीनरने किंवा भांड्याच्या साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि फिल्टरचं ऑइल चोळून बसवा. पेट्रोलने धुवू नका. आगीची भीती असते आणि फिल्टरच्या जोडाचा गोंदही सुटतो. धुतलेला एक फिल्टर पिशवीत बांधून जवळ ठेवला तर रविवारचा सराव बुडत नाही.

धूर आणि किक, दोन्हींचा अर्थ बदलतो

टू-स्ट्रोकमधून थोडा निळा धूर येणं स्वाभाविक आहे, ऑइल जळतंच. फोर-स्ट्रोकमधून सतत निळा धूर येत असेल तर तो आजार आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हची सील गेलेली असते. ऑइल दह्यासारखं पांढुरकं झालं असेल तर त्यात पाणी मिसळतंय. ऑइल काढल्यावर त्यात चमकी दिसली तर गाडी तिथेच थांबवा.

किकचंही तसंच. टू-स्ट्रोकला रेस देत दोन किका मारल्या की ती उठते. कार्बोरेटरवाली जुनी फोर-स्ट्रोक गरम असताना रेस देत किक मारली तर आत जास्त पेट्रोल जातं आणि ती आणखी अडून बसते. रेसला हात न लावता, किक वरून अगदी खालपर्यंत पूर्ण मारायची. नव्या बहुतेक गाड्यांना बटण असतं, पण आपल्याकडे पोरांच्या हाती येतात त्या बऱ्याचदा जुन्याच असतात.

जुनी गाडी बघायला जाताना

एक, आधीच फोन करून सांगा की गाडी थंड असू द्या. गेल्यावर इंजिनाला हात लावून बघा. मालकाने तापवून ठेवली असेल तर दोन तास चहापाणी करा आणि मग सुरू करायला सांगा.

दोन, गरम झाल्यावर बंद करून पुन्हा सुरू करा. दोन्ही वेळा सहज उठली पाहिजे.

तीन, तास मोजणारं मीटर आहे का बघा. नसेल तर वही मागा. ऑइल कधी, टॅपेट कधी, पिस्टन कधी, हे सांगता येत नसेल तर इंजिनाचं काम तुमच्या खर्चात धरूनच भाव ठरवा.

चार, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवा. बाहेरून आलेली गाडी असेल तर कस्टम्सचे कागद बघा. बिनकागदाची गाडी स्वस्त मिळते, पण पुढे ना विकता येते, ना तिच्यावर बिनधास्त बसता येतं.

पाच, तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकने या जातीचं इंजिन आधी उघडलंय का, हे गाडी घेण्याआधी विचारा, नंतर नाही.

रस्त्यावर ही गाडी चालत नाही

मोटोक्रॉसच्या गाडीला हेडलाइट नसतो, हॉर्न नसतो, नंबर प्लेट नसते. तिची नोंदणी होत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. माळापर्यंत जायचं तर पिकअपमध्ये घालून न्या, डांबरीवरून नाही.

पोरगा अल्पवयीन असेल तर पालकांनी हे लक्षात ठेवावं: २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही.

शर्यतीत उतरायचं असेल तर देशातल्या मोटरस्पोर्टचा कारभार बघणाऱ्या एफएमएससीआय या महासंघाचं लायसन्स लागतं. शर्यतींमध्ये देशी बनावटीच्या आणि परदेशी गाड्यांचे वेगळे गट असतात. तुमची गाडी कोणत्या गटात बसते, हे आयोजकांना आधी विचारा. गाडी घेतली आणि गट चुकला, असं नको.

प्रत्येकाने ४५० घ्यायची गरज नाही

ताकदीच्या नादात ८५ वरून थेट ४५० वर उडी मारणं म्हणजे वासरू सोडून एकदम वळूला हात घालणं. ती गाडी नवशिक्याला दमवते. हात आखडतात, आणि आखडलेला हात रेस सोडायच्या ऐवजी ओढतो. वजन आणि उंची बघून २५० फोर-स्ट्रोकवर दोन हंगाम काढा. नव्या २५० आणि ४५० मोटोक्रॉस गाड्यांच्या किमती कित्येक लाखांच्या घरात आहेत, आणि गाडीबरोबर हेल्मेट, बूट, छातीचं आणि गुडघ्याचं संरक्षण यांचे पैसे बाजूला काढावेच लागतात. ते पैसे नसतील तर गाडीही नको.

ज्यांना फक्त माळावर, रानवाटेला चालवायचा शौक आहे, त्यांच्यासाठी दुसरा रस्ता आहे. हिरोची एक्सपल्स २०० सारखी फोर-स्ट्रोक गाडी पासिंगची आहे, रस्त्यावर चालते, आणि तिचं ऑइल तासांवर नाही तर किलोमीटरवर बदलायचं असतं. ती जवळपास १६० किलोंची आहे, म्हणजे आरएक्स १०० च्या दीडपट. उड्यांसाठी ती शर्यतीच्या गाडीसारखी नाही. पण रेस सोडल्यावर इंजिन कसं धरतं, वळणात वरचा गिअर कसा चालतो, हे सगळं तिच्यावर शिकता येतं, आणि सोमवारी तीच गाडी घेऊन बाजारलाही जाता येतं.

आणि ज्याच्याकडे चांगली टू-स्ट्रोक आहे, जवळ फोर-स्ट्रोकचा मेकॅनिक नाही, घरचं उत्पन्न हंगामावर आहे, त्याने आणखी एक वर्ष टू-स्ट्रोकवरच काढलं तर काही बिघडत नाही. टू-स्ट्रोकवर क्लच आणि गिअर शिकलेला हात पुढे कामी येतो.

पहिले चार रविवार असे घालवा

पहिला रविवार: उडी नाही. मोकळ्या माळावर सरळ पळवा आणि ब्रेक न लावता फक्त रेस सोडा. गाडी किती अंतरात मंदावते ते डोळ्यांनी मोजा. जुनी टू-स्ट्रोक जवळ असेल तर तिच्यावरही करून बघा. दोन अंतरांतला फरक म्हणजेच तुम्हाला बदलायची सवय.

दुसरा रविवार: भुसा भरलेली दोन पोती ठेवून त्यांच्याभोवती आठच्या आकड्यात फिरा. दुसऱ्या गिअरमध्ये, मग तिसऱ्या. क्लच न मारता.

तिसरा रविवार: मुद्दाम इंजिन बंद पाडा आणि पुन्हा सुरू करा. थंड, गरम, उतारावर, चिखलात. शर्यतीत हे दहा सेकंदांत जमलं पाहिजे.

चौथा रविवार: सपाट माथ्याची, गुडघ्याएवढी उडी. रेस एकसारखी. कोणीतरी सोबत असलंच पाहिजे. मोबाईलला रेंज कुठे आहे, १०८ ची गाडी कोणत्या वाटेने आत येईल, हे उडी घेण्याआधी ठरवून ठेवा.

शेवटची एक गोष्ट शेडमधली. घरात टू-स्ट्रोक गाडी, फवारणीचा पंप आणि फोर-स्ट्रोक गाडी एकत्र आली की पेट्रोलचे कॅन बदलतात. मिश्रणावर चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये चुकून साधं पेट्रोल गेलं तर पिस्टन धरतो आणि सिलेंडर जातो. फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण गेलं तर ती धूर काढते आणि प्लग काळा करते. दोन कॅन ठेवा. मिश्रणाच्या कॅनला लाल रंग मारा आणि त्यावर प्रमाण लिहा: ४० ला १ असेल तर पाच लिटर पेट्रोलला १२५ मिली ऑइल. साध्या पेट्रोलचा कॅन वेगळ्या खुंटीला. आणि भिंतीवर एक वही टांगा. त्यात तारीख, तास, ऑइल आणि टॅपेट. फोर-स्ट्रोक स्वतःहून काही सांगत नाही. ती वही तिच्या वतीने बोलेल.